अक्काला स्वतःचा भरवसा नव्हता

ड्युटी संपली की विमलअक्का माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहायची आणि खांद्यावरची कापडी पिशवी उलटी करायची. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, चुरगळलेला रुमाल, खोलीची किल्ली, कानबाई देवीचा कोपरे झिजलेला फोटो, सगळं टेबलावर पडायचं. मग ती पदर झटकायची, कमरेशी खोचलेल्या निऱ्या चाचपून दाखवायची आणि दोन्ही तळवे पुढे धरायची. "देख माय, काही नही ना?" मी मान हलवली की सामान परत भरून डावा पाय थोडा ओढत जिना उतरायची.

जळगावच्या एका लहानशा खासगी दवाखान्यात मी सिस्टर होते आणि वॉर्डातल्या इंजेक्शनांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. अक्का तिथे आया म्हणून लागली तेव्हा तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. पहिल्या संध्याकाळी तिने पिशवी उलटी केली तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं. वाटलं, आधीच्या ठिकाणी कुणीतरी हिच्यावर चोरीचा आळ घेतला असणार. मी म्हणाले, "अक्का, असं करू नका. तुमच्यावर इथे कुणाचा संशय नाही."

"तुमचा नसेल. माझा आहे," ती म्हणाली. "आणि आळ नव्हता, बाई. चोरी खरी होती." मग तिच्या चोपड्याकडच्या बोलीत, जणू स्वतःशीच पुटपुटली, "माले मनाच भरोसा नही."

ती पूर्वी नर्स होती, हे तिने त्याच आठवड्यात चादरींच्या घड्या घालताना सांगितलं. कुजबुजत नाही. दारात उभ्या असलेल्या वॉचमनलाही ऐकू जाईल अशा आवाजात. धुळ्यातल्या एका दवाखान्यात तिने उमेदीची वर्षं काढली होती. कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश, हातात घड्याळ, मोठ्या डॉक्टरांनी नावाजावा असा हात. शीर सापडत नसेल तर विमल सिस्टरला बोलवा, असं म्हणायचे. एका जाडजूड पेशंटला कूस बदलून देताना तिच्या कमरेत चमक भरली. वेदना थांबायला इंजेक्शन घेतलं. कमर दुखायची थांबली आणि डोक्यावरचं ओझंही कुणीतरी उतरवून ठेवल्यासारखं झालं. घरी नवऱ्याशी कुरबुर, लहान मुलगी, दवाखान्यात सलग पाळ्या. दुसरं इंजेक्शन तिने स्वतःच घेतलं, तिसरं कमर दुखत नसताना.

"मला वाटायचं, मी नर्स आहे, मला डोस कळतो," ती सांगायची. "सगळ्यांत मोठी फसवणूक हीच होती."

पुढे पुढे पेशंटच्या नावावरची इंजेक्शनं ती स्वतः घ्यायला लागली. पेशंटला नुसतं पाणी टोचायचं आणि कागदावर सही करायची. पकडली गेली तेव्हा दवाखान्याने बोभाटा नको म्हणून गुपचूप घरी पाठवलं. नवरा मुलीला, ज्योतीला, घेऊन सुरतेला निघून गेला. अक्काच्या मांड्यांवर टोचून टोचून जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आणि डावा पाय कायमचा आखडला. माहेरच्यांनीही दार लावून घेतलं. श्रावणात कानबाई बसते तेव्हा खानदेशात नैवेद्याचे रोट फक्त घरच्यांत खातात, बाहेरच्याला देत नाहीत. त्या वर्षी ती भावाच्या ओट्यावर बसून राहिली. आत गाणी चालली होती. रोटाचा तुकडा कुणी बाहेर आणला नाही. "त्या दिवशी कळलं, मी कुणाच्याच घरची नाही," असं ती म्हणाली, आणि चादरीची घडी चुकली म्हणून पुन्हा उलगडून घातली.

तिच्या भावालाच शेवटी दया आली. त्याने तिला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं. पहिल्या दोन्ही वेळा ती बाहेर पडून पुन्हा सुईकडे गेली. त्याचं कारण ती हसत हसत सांगायची, आणि ते हसू बघवत नसे. "दोन्ही वेळा मी नर्स म्हणूनच गेले होते. तिथल्या पोरींना सलाइन कसं लावायचं ते शिकवत होते. बाकीच्या बाया दारूवाल्या, मी त्यांच्यापेक्षा वरची. तिसऱ्या वेळी गेले तेव्हा अंगावरच्या कपड्यांत घाण झाली होती आणि एका बाईने मला धुतलं. तेव्हा मी पेशंट झाले."

तिचा देव तिथूनच सुरू झाला, असं मला वाटतं. आधी ती कानबाईची गाणी हौसेने म्हणायची, ते सणापुरतं. आता रोज सकाळी फोटो खिडकीत टेकवून ती एकच मागायची, "आजना दिन सांभाळ, माय." मी एकदा विचारलं, "देवीने बरं केलं का गं तुला, अक्का?" तोवर मी तिला अगं-तुगं करायला लागले होते. ती विचार करून म्हणाली, "बरं नाही केलं. ती बघते. कुणीतरी बघतंय, एवढं मला पुरतं. पण देवी बोलून दाखवत नाही ना, म्हणून पिशवी तुझ्यासमोर उलटी करते."

ती काही फार गोड बाई नव्हती. दुसऱ्या आयांनी फरशी अर्धवट पुसली तर तोंडाने फाडून खायची. चहात साखर कमी पडली की रुसायची. पण एका बाबतीत ती कुणालाही घाबरत नसे. एकदा अपघाताचे पेशंट एकदम आले. मी एकाच्या डोक्याचं रक्त दाबून धरलं होतं. डॉक्टरांनी माझ्या कमरेची किल्ली काढून अक्काकडे टाकली आणि म्हणाले, "मावशी, पळा, कपाटातलं वेदनेचं इंजेक्शन आणा." अक्का जागची हलली नाही. किल्ली हातात न घेता तशीच जमिनीवर पडू दिली आणि नातेवाइकांच्या गर्दीत मोठ्याने म्हणाली, "साहेब, मी आणणार नाही. त्या कपाटाची मी चोर आहे. इथे मी येते, डोकं मी धरते, सिस्टरला पाठवा." डॉक्टर चिडले. गर्दीतल्या बायका तिच्याकडे बघत पदर तोंडाला लावून बोलू लागल्या. अक्काने माझ्या हाताखाली आपला हात सरकवला आणि जखम दाबून धरली. नंतर मी म्हणाले, "एवढ्या लोकांत सांगायची काय गरज होती?" ती म्हणाली, "लपाडेल गोट वाढस, माय." लपवलेली गोष्ट वाढत जाते, असं.

तिची एक गोष्ट मात्र बोलूनही कमी होत नव्हती. धुळ्याच्या दवाखान्यात बोदवडकडचे एक आबा मांडीचं हाड मोडून आले होते. त्यांच्या नावावरची इंजेक्शनं अक्काने घेतली आणि त्यांना पाणी टोचलं. आबा दिवसरात्र ओरडत होते. आधीच हृदय कमजोर, काही दिवसांत ते गेले. मरण अक्कामुळे आलं असं कुणी म्हणालं नसतं. पण ते कसे गेले, हे तिला माहीत होतं.

एका उन्हाळ्यात ती म्हणाली, "त्यांच्या बायकोकडे जायचंय. तू सोबत चल. एकटीने गेले तर मी वाटेतून परत येईन, आणि परत आले तर घरी न जाता सुईकडे जाईन." म्हणून आम्ही सकाळच्या गाडीने बोदवडला गेलो. म्हातारी दारातल्या बाजेवर शेंगा निवडत बसली होती. अक्का जमिनीवर बसली. तिने नाव सांगितलं, दवाखाना सांगितला आणि जे केलं ते सरळ सांगितलं. आवाज फुटला नाही, रडली नाही. शेवटी म्हणाली, "मी माफी मागायला नाही आले, आजी. आबांचं दुखणं खरं होतं. ते उगाच ओरडत नव्हते. एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून आले."

म्हातारी बराच वेळ शेंगेतले दाणे सोडवत राहिली. मग म्हणाली, "मी त्याले रागे भरू." मी त्याला रागवायचे, इतकं बोलून ती थांबली. "सिस्टर म्हणाली, सुई दिली शे. मी म्हणू, सुई दिली तरी काय आरडस, लोकं हसतस. शेवटला दिन मी त्यानाशी बोलनू नही." तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. "तू आते घर जाय," ती अक्काला म्हणाली. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

अक्काला एवढंच ठाऊक होतं की तिने एका माणसाला वेदनेत ठेवलं. त्याच्या बायकोचा शेवटचा शब्दही तिने हिरावून घेतला होता, हे तिला त्या ओसरीवर कळलं. स्टेशनवर बाकावर बसल्यावर तिचे दात एकमेकांवर वाजायला लागले. उन्हाने फरशी तापलेली, आणि तिला थंडी भरली होती. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. मला वाटलं, मी हिला आणलं ते चुकलंच. हे ओझं हिला पेलणार नाही, ही आज कुठल्या तरी औषधाच्या दुकानात जाईल. गाडी दिसू लागली तेव्हा ती म्हणाली, "आज मला तुझ्या घरी ने. मला एकटीला सोडू नको. मी नको म्हटलं तरी सोडू नको."

ती आठवडाभर आमच्याकडे राहिली. माझ्या सासूबाईंना तिने स्वतः सगळं सांगितलं, आणि औषधांचा डबा कुलपात ठेवा म्हणाली. सासूबाई आधी धसकल्या, मग दोघी मिळून पापड लाटायला बसल्या. सकाळी फोटोपुढे बसली की ती आता देवीकडे आणखी एक मागायची. त्या म्हातारीचं नाव घ्यायची, पुढे काही बोलायची नाही.

पुढच्या काही वर्षांत तिची कमर पुन्हा दुखू लागली. जुनं दुखणं म्हणून तिने अंगावर काढलं. तपासण्या झाल्या तेव्हा गर्भाशयाचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. आमच्याच दवाखान्यात ती महिनाभर होती. भिंतीकडे तोंड करून उशीचा कोपरा दातांत धरायची. डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, "मॉर्फिनच्या गोळ्या सुरू कराव्या लागतील. ऐकेल ती?" मी म्हणाले, "नाही ऐकायची." खरं तर तिने नाही म्हणावं असंच मला मनातून वाटत होतं. इतकी वर्षं जपलेलं शेवटीही मोडू नये, असं.

मी तिला विचारलं. तिने डोळे न उघडता उत्तर दिलं, "लेसू. पन मना हातमा देऊ नको." घेईन, पण माझ्या हातात देऊ नको, असं.

मग डोळे उघडून तिने माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाली, "नाही म्हटलं तर लोक मला मोठी म्हणतील. मला मोठी व्हायचं नाही गं. मला दुखतंय."

गोळ्या घरी कुणी द्यायच्या, हा प्रश्न होता. मी देईन म्हटलं. अक्का म्हणाली, "तुला माझी माया आहे. मी मागितलं की तू देशील. ज्योतीला बोलाव. तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. तिच्याकडेच दे."

अक्काच्या भावाकरवी निरोप धाडला आणि ज्योती सुरतेहून आली. तिशीतली, आईसारखीच उंच, कपाळावर आठी. आईच्या खोलीत तिने आपली पथारी दाराशी टाकली, आजारी माणसापासून जितकी लांब टाकता येईल तितकी. गोळ्यांचं पाकीट ब्लाउजमध्ये ठेवायची. वेळ झाली की गोळी आईच्या जिभेवर ठेवायची, पाणी पाजायची, तोंड उघडायला लावून बघायची, आणि परत दाराशी जायची. दोघी फारसं बोलत नसत.

एका दुपारी तिचा फोन आला. आवाज कोरडा होता. "ती पुढची गोळी आत्ताच मागतेय. वेळ झालेली नाही. माझ्या लहानपणी अशीच कण्हायची, मी पाणी आणायला गेले की सुई मारून मोकळी व्हायची. सिस्टर, खरंच दुखतंय का तिला? की तेच आहे?"

फोनमधून मला अक्काचं कण्हणं ऐकू येत होतं. "खरंच दुखतंय," मी म्हणाले. "डॉक्टरांशी बोलते, मात्रा वाढवायला सांगते. पण आत्ता दे. माझ्या जबाबदारीवर दे."

मी पोचले तेव्हा ज्योतीने आपली पथारी ओढून आईच्या बाजूला आणली होती. अक्काचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मला बघून ज्योती अवघडली, पण उठली नाही. अक्का बोलण्यापलीकडे गेली होती. हात मात्र चादरीवर उताणे पडले होते, तळवे वर, उघडे. त्यानंतर दोनतीन दिवसांनी पहाटे ती गेली. कण्हत गेली नाही, हे मी खात्रीने सांगते.

भावाने अग्नी दिला. दहाव्यानंतर मी उरलेल्या गोळ्या परत घ्यायला गेले. ज्योती मोरीत बसून भांडी घासत होती. हात धुऊन तिने पाकीट माझ्याकडे दिलं आणि मोजून घ्या म्हणाली. मी न मोजता पिशवीत टाकलं. तिला ते आवडलं नाही, तिने मला काढून मोजायला लावलं. मग पुन्हा मोरीत बसली आणि राखेने पातेलं घासत माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी माफ केलंय की नाही, मला माहीत नाही, सिस्टर. कुणी विचारलं तर काय सांगू तेही कळत नाही. पण इतकी वर्षं ती कुणाच्या नकळत घेत होती. या वेळी माझ्या हातून घेतलं तिने."