पहिलं घावन

समुद्राजवळच्या एका रिसॉर्टमध्ये मी सकाळी चुलीवर तांदळाची घावनं घालते. तिथले पाहुणे सभासद आहेत. दरवर्षी फी भरतात आणि आपला ठरलेला आठवडा येऊन राहतात. त्यांतल्या एका बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. मला लाज वाटते.

सगळ्यांच्या आधी त्या चुलीजवळ येऊन पाटावर बसत. पहिलं घावन बिडाच्या तव्याला चिकटून फाटतं. नेमकं तेच त्या मागून घेत.

"बाई, ह्या फाटला. दुसरा घेवा," मी म्हणायचे.

"चव कुठे फाटते गं?" म्हणून त्या हसत.

यंदा मॅनेजरने सभासदांना जमवून विचारलं, फी वाढवली तर काय काय हवं? कोणी पोहायचा तलाव म्हणालं, कोणी सोबतच्या पाहुण्यांना फुकट खोली. मॅनेजर म्हणाला, "एवढं करायचं, तर मग चूल बंद करू. पाकिटातला नाश्ता देऊ, खर्च वाचेल." मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी होते. माझं कामच जाणार होतं.

बाई उठल्या. पदराने चष्मा पुसला.

"फी वाढवा, भरेन. तलाव कशाला, समोर समुद्र आहे. पण चूल विझवलीत तर माझा आठवडा दुसऱ्या कुणाला द्या."

मग त्यांच्या बाजूने एकेक हात वर झाला. चूल राहिली.

दुसऱ्या सकाळी मला त्यांचे आभार मानायचे होते. फाटलेलं घावन बाजूला ठेवून मी त्यांना अख्खं वाढलं. त्यांनी ताटली मागे सारली.

"माझं कुठे आहे?"

"आज तां माजा," मी म्हटलं, आणि त्यांच्याशेजारी बसून खाल्लं.