तांबडी, थोटी आणि टेबलीण

भांडण तसं पाच मिनिटांचं. पण पुरलं चौतीस वर्षं.

वहिनी तेव्हा घरात नव्याने आलेल्या, लग्नाला जेमतेम अडीच महिने. त्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या आणि बाहेरच्या खोलीत सासऱ्यांचं आणि धाकट्या दिराचं जुंपलं. अशा वेळी नव्या सुनेने बाहेर जाऊ नये आणि एक शब्दही चुकवू नये, एवढं शहाणपण त्या माहेराहूनच घेऊन आल्या होत्या. पुसलेलंच ताट त्या पुन्हा पुसत राहिल्या.

सासरे छापखान्यात रात्रपाळीला. दिवसा झोपायचे, म्हणून सगळं घर चवड्यांवर चालायचं. आणि धाकट्याने काय आणावं, तर इलेक्ट्रिक गिटार. शिलाई मशीनं दुरुस्त करायच्या दुकानात लागून वर्ष झालं होतं, वर्षभराची शिल्लक सगळी तिच्यात घातली. रंगाने तांबडीभडक.

"या घरात एक माणूस दिवसा झोपतो, माहीत आहे ना तुला?"

"बाबा, ही आवाजच करत नाही. ॲम्प जोडला तर वाजते. हे बघा." तार छेडल्याचं ऐकू आलं. डासाने कानापाशी यावं आणि विचार बदलून परत जावं, एवढंच.

"मग जोडायचंच नाही. मी आहे तोवर तसलं खोकं घरात यायचं नाही."

"घरातच का? तुम्ही आहात तोवर ही वाजणारच नाही. घरात नाही, दुकानात नाही, कुठेच नाही. झालं समाधान?"

"झालं."

रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत विसरतो. या घरातले पुरुष जेवण विसरायचे, बोललेलं नाही.

पुढे तीन वर्षांत सासरे निवृत्त झाले आणि चारचौघांसारखे रात्री झोपू लागले. शब्द काही सुटला नाही. ऐंशीनंतर त्यांचे कान गेले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता त्यांच्या उशाशी ढोल बडवला तरी कळायचं नाही. आणा ते खोकं."

"ऐकू येत नाही वहिनी, पण दिसतं ना."

"मग कानाला लावून ऐकायचं काहीतरी मिळतं म्हणे, ते तरी घ्या."

"चोरून ऐकायचं असतं तर भांडलो कशाला असतो?"

दोघांत जास्त हट्टी कोण, हे वहिनींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

भाऊजींनी लग्न केलं नाही. गिटारी केल्या. तांबडीचं वार्निश खरवडून पुन्हा चढवलं, बटणं काढून जुन्या रेडिओची बसवली. दुसरी गिटार कोणाच्या तरी माळ्यावरून मोडकी आणली, तिचं डोकं करवतीने उडवलं आणि तारा ताणायच्या खुंट्या खाली शेपटीकडे नेल्या. ती थोटी. तिसरी तर मुळापासून घरची. पायाच्या मशीनचं सागवानी टेबल कोणी टाकून दिलं होतं, त्याच्या फळीतून कापलेली. तिच्या अंगावर अजून सुयांनी टोचल्याच्या खुणा होत्या. तिला वहिनींनीच नाव दिलं, टेबलीण.

इलेक्ट्रिक गिटारीचा जीव असतो तारांखालच्या पिकअपमध्ये. चुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. विकत मिळतो, पण भाऊजींना विकतचं पटायचं नाही. बॉबिनवर दोरा भरायचं चाक असतं ना मशीनला, त्याच्यावर ते ही तार भरायचे. श्वास जोरात सोडला तरी तुटायची. वहिनी समोर बसून वेढे मोजायच्या, शंभर झाले की एक शेंगदाणा वाटीत टाकायच्या. आठ हजार वेढे म्हणजे ऐंशी शेंगदाणे, आणि मोजणी झाली की ते खायचे. झालेलं काम मीटर लावून तपासायचं. मीटरचा काटा हलला, की भाऊजींचा चेहरा असा, की जसं काही गाणंच ऐकलं.

वाजवणं रोजचं, दुपारी जेवायला आले की अर्धा तास. गिटारीचा कोपरा लाकडी कपाटाच्या दाराला टेकवला की कपाट थोडं घुमतं, हे त्यांनी शोधून काढलं होतं. वहिनी दुसऱ्या दाराला कान लावून उभ्या राहायच्या. एक चाल त्यांच्या फार आवडीची होती. हातात भरलेली बादली घेऊन कोणी जिना सावकाश उतरावा, तशी. एक थेंब सांडायचा नाही.

"कपाट काय म्हणतंय?" वर्तमानपत्राआडून त्यांचे यजमान विचारायचे.

"तुमच्यापेक्षा जास्त बोलतं."

सासरे एक्क्याण्णवाव्या वर्षी गेले. भाऊजी तेव्हा छप्पन्न. शब्द संपला. आता फक्त ॲम्प आणायचा होता, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली.

एक ॲम्प पाहिला, त्याचा पत्रा पातळ. दुसऱ्याचे आतल्या तारांचे टाके कच्चे. तिसरा मागून उघडून वास घेतला आणि म्हणाले, जळलेला आहे. दर रविवारी एक दुकान नाहीतर एखाद्या विकणाऱ्याचं घर. दीड वर्ष. दुकानदार म्हणायचा, वाजवून तर बघा. भाऊजी म्हणायचे, गिटार आणलेली नाही.

पहिल्यांदा वहिनींना ते विसरणं वाटलं. दहाव्यांदा वाटेना. स्थळं पाहायला जायचं आणि मुलाला घरी ठेवायचं, असा प्रकार. एका रविवारी त्यांनी तांबडी गवसणीत घातली, दोरा बांधला आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

"ही आज बरोबर येणार. आणि मीही."

"तुम्ही कशाला, वहिनी?"

"ऐंशी ऐंशी शेंगदाणे मोजलेत मी. माझा काही हक्क आहे की नाही?"

भाऊजी हसले. पण बसमध्ये खिडकीबाहेरच बघत राहिले.

विकणारा म्हणजे हॉटेलांत चाळीस वर्षं गिटार वाजवलेला म्हातारा, बारा हॉटेलांचं पाणी प्यायलेला. तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा, आता लेकीकडे कायमचा निघाला होता. खोलीभर बांधलेली खोकी आणि मध्ये तो ॲम्प. आत बल्बसारख्या काचेच्या नळ्या. बटण दाबलं तशा हळूहळू तांबूस झाल्या. भाऊजींनी मागचं झाकण तपासलं, टाके तपासले, वास घेतला. खोट काढायला काही सापडेना. शेवटी तांबडी जोडली.

पहिला सूर आला आणि वहिनींच्या अंगावर काटा आला. गोल, भरलेला, घंटेसारखा. मग दुसरा आला, पण पहिला अजून गेलाच नव्हता. तिसरा आला. पाहुणे येत होते आणि उठून कोणीच जात नव्हतं. ज्या तारांना बोलावलंच नव्हतं, त्याही मध्ये बोलू लागल्या. बोट सरकलं की ओरखडा. आणि आघात केवढा, खिळे ठोकल्यासारखा. तीच चाल होती. बादली पहिल्या पायरीवरच उलटली होती.

भाऊजी चाल पुरी करूनच थांबले.

म्हाताऱ्याने आवाजाचं बटण खाली केलं. "किती वर्षं वाजवताय?"

"पस्तीस."

"न जोडता?"

"न जोडता."

"हं." त्याने तारांवर तळहात ठेवला. "हिला वाजवायला शिकतात, त्याच्या दुप्पट गप्प करायला शिकावं लागतं. एक बोट वाजवतं, बाकीच्यांनी शेजारणींची तोंडं दाबून धरायची. तुमच्या बोटांना ते कळणार कसं? त्यांना कधी ऐकूच आलं नाही."

"जाईल का ही सवय?"

"विशीतली पोरं वर्षभरात घालवतात."

"आणि सत्तावन्नचा?"

"चहा घेणार का?" म्हातारा म्हणाला.

ॲम्प घेतला. परत येताना तो दोघांच्या मध्ये, बसच्या सीटवर. दोन थांबे गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "मी उगाच तांबडी घ्यायला लावली."

"असं का म्हणता? पिकअप ऐकलात ना? घंटा आहे, घंटा. काम चोख निघालं."

ते खरंच होतं. घरी तिन्ही जोडून पाहिल्या, तिन्ही चांगल्या निघाल्या. टेबलीण तर सगळ्यांत गोड. खोट निघाली ती एकच, आणि तिचा सुटा भाग कुठे मिळत नव्हता.

आठ महिने भाऊजींनी सोडलं नाही. नको त्या तारा घुमू नयेत म्हणून मोजा बांधून पाहिला, पहिल्या धड्यापासून गिरवलं, एकेक बोट एखाद्या उनाड पोरासारखं जागेवर बसवलं. चार सूर सरळ यायचे. पाचव्याला हात आपल्या वळणावर. पस्तीस वर्षांचं वळण ते, त्याला काय फरक पडतो तुमच्या मोज्याने. एके दुपारी वहिनींनीच वायर काढली, कपाटाला कान लावला आणि म्हणाल्या, "वाजवा हो, पूर्वीसारखं. मला तेच आवडतं."

भाऊजींनी कोपरा दाराला टेकवला. थोडं वाजवलं आणि थांबले.

"का?"

"आता न जोडताही सगळं ऐकू येतं, वहिनी."

त्यांनाही आलं होतं. पण त्या कपाटापाशी आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यानंतर दुपारी जेवण झालं की भाऊजी सरळ दुकानात जायचे.

असे तीन महिने गेले आणि एका गुरुवारी दुकानातच, कोणाच्या तरी मशीनवर वाकलेले असताना, ते गेले. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल. डॉक्टर असं म्हणतातच.

त्याच्या आधीचा सोमवार. दोन महिन्यांनी एकदा तारा बदलायच्या, हा त्यांचा नेम. वाजवा नाहीतर ठेवा, तारेला गंज चढतोच. तारा आणायला निघताना दारातून त्यांनी विचारलं, "काही आणायचंय का?"

"आलं आणा. आणि पांढरी बटणं, सहा."

तासाभराने आले. आलं हुंगून म्हणाले, "जून आहे, किसून घ्या." मग खाली बसून तिघींच्या जुन्या तारा उतरवल्या, नव्या अठरा चढवल्या, कापलेली टोकं कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून डब्यात गोळा केली. एकेक तार सुरात लावली, फडक्याने पुसली, तिघींना खुंटीला अडकवलं. ॲम्पवरची धूळही पुसली.

"बटणं मोजून घेतलीत ना, वहिनी? तो पाचच देतो."

वहिनींनी मोजली. सहा होती.