तळघरातली शेवटची बाटली

२००५च्या सप्टेंबरात मी लेकाकडे, अमेरिकेत श्रूजबरीला होते. एका शनिवारी सकाळी मंदार म्हणाला, "आई, अँजेलाकडे आज वर्षभराचा टोमॅटो सॉस करतायत. चल, वीस मिनिटांचा ड्राइव्ह आहे." अँजेला त्याच्या ऑफिसातली. तिचे आजी-आजोबा इटलीहून शेजारच्या वुस्टरमध्ये आले आणि तिथलेच झाले. मी हौसेने मोतिया रंगाची साडी नेसले. टोमॅटोच्या घरी जाताना मोतिया! धन्य माझी.

मंदारने एक्झिट चुकवली, म्हणून वीस मिनिटांची चाळीस झाली. मी त्याला दोन शब्द सुनावलेही. पण त्या निमित्ताने तळ्याकाठचा रस्ता बघायला मिळाला. मेपलची एखाददुसरी फांदी नुकती लाल होऊ लागली होती.

घरातलं वरचं स्वयंपाकघर इतकं लखलखीत, की तिथे कोणी चहासुद्धा करत नसावं. खरा स्वयंपाक खाली तळघरात. तिथे दुसरी शेगडी, लांबलचक टेबल, टोमॅटोच्या पाट्या आणि बुडबुडणारी पातेली. दहा मिनिटांत माझ्या साडीवर पहिला शिंतोडा उडाला. अँजेलाचे वडील कार्लो, ऐंशीच्या घरातले, मला एक एप्रन देऊन गेले.

तो त्यांच्या बायकोचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये त्या वारल्या. सॉस त्यांना सासूने, म्हणजे अँजेलाच्या नोन्नाने (आजीने), शिकवलेला. कृती कुठेच लिहिलेली नव्हती, आणि अँजेला आईवाचून पहिल्यांदाच करत होती.

पहिलं पातेलं झालं. तिने चाखून मान हलवली. दुसऱ्यात मीठ वाढवलं, तुळशीसारखी ती बेझिलची पानं वाढवली, तरी नाहीच. माझ्या जिभेचा मला फार अभिमान. मी चाखला, मला उत्तम लागला. अँजेला मात्र रडवेली होऊन म्हणाली, की आता हे पुरे, पुढच्या वर्षीपासून दुकानातूनच आणू.

कार्लो उठले. फळीवरून त्यांनी एक बाटली आणली. बायकोने गेल्या वर्षी भरलेल्यांपैकी तेवढीच उरली होती. अँजेलाने ती धरून ठेवली, देईचना.

"तिने ही खायला भरली होती," कार्लो म्हणाले. "बघत बसायला नाही."

आणि त्यांनी झाकण फिरवलं.

अँजेलाने चमचा तोंडात घेऊन डोळे मिटले. मग ती म्हणाली, "कांदा. आई तो कडेने करपू द्यायची. मी घाबरून लवकर काढतेय."

मीही त्याच बाटलीतला चाखला. मला करपल्याचा मागमूस लागला नाही. मी थक्क झाले. सासूने सुनेला आणि सुनेने लेकीला दिलेलं ते सगळं कागदावर नव्हतंच, तिच्या जिभेवर होतं.

तिसऱ्या पातेल्याचा कांदा तिने धीर धरून करपवला. कार्लोंनी सॉस चाखला आणि ते शेजारच्या स्टुलावर बसून राहिले. काही वेळाने त्यांनी पाव मागितला. बाटलीतला उरलेला सॉस आम्ही सगळ्यांनी पास्त्याबरोबर खाल्ला. तळाचा कार्लोंनी पावाने पुसून घेतला.

ऑक्टोबरात मी पुण्याला परतले. माझ्या आईच्या हातच्या गोड्या मसाल्याचा शेवटचा डबा मी नऊ वर्षं फ्रिजमध्ये जपून ठेवला होता. बॅगा तशाच टाकून आधी तो काढला. झाकण उघडून हुंगला. पुन्हा हुंगला.

कसलाच वास आला नाही.