दरीकाठच्या टेबलावर आईचं जेवण

आईने आज दिवसभरात चहाशिवाय काही घेतलेलं नाही. चिखलदऱ्याहून बांधून आणलेला तिचा डबा तसाच भरलेला आहे, हे बायकोने आत्ताच पाहून सांगितलं.

आज आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. आई कायम सगळ्यांना वाढून शेवटी, गार झालेलं जेवते. निदान आज तिने बसून गरम खावं, म्हणून मी दरीकाठच्या महागड्या हॉटेलात काचेजवळचं टेबल राखून ठेवलं होतं.

तिथे ज्याची प्लेट तयार होईल, ती आधी येते. आमच्याकडे सगळ्यांना वाढल्याशिवाय कोणी घास घेत नाही. पहिली प्लेट बाबांची आली.

"तुमी खा ना, थंडं होऊन राहिलं," आई म्हणाली.

"तुयं येऊ दे."

बराच वेळ आलंच नाही. शेवटी आईने बाबांची प्लेट गरम करायला पाठवली आणि लगेच तिची आली. आता ती थांबली. बाबांची परत येईपर्यंत तिची भाजी गार झाली.

"हीपण गरम करून आणायला सांगतो," मी म्हणालो.

"मंग हे पुन्हा थांबतीन. बांधून घे माही, घरी गरम करून खाईन."

आम्ही जेवलो. ती आमच्या प्लेटींकडे बघत बसली. दरीकडे तिचं लक्षही गेलं नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही परतवाड्यापर्यंत आलो. मग बाबा म्हणाले, "उद्या तू आंधी बस. मी वाढतो."

"वाढता येते का तुमाले?"

उद्या दुपारी बाबा वाढणार, एवढं ठरलं आहे. आई बसेल का, सांगता येत नाही. तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं?