फाट्यावरची पिवळी साडी

त्या हिवाळ्यात मला जग फार सुंदर दिसायला लागलं होतं, हे आधीच कबूल करतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावाहून हिंगोलीपर्यंत मी काळीपिवळी, म्हणजे सीट भरून जाणारी जीप, चालवतो. इतकी वर्षं तोच रस्ता, तेच खड्डे. पण त्या दिवसांत दुपारी तुरीच्या शेतांच्या कडा पुसट व्हायच्या आणि फुलांचा पिवळा रंग पार डांबरापर्यंत उतरायचा. समोरचा ट्रॅक्टर आधी नुसता लाल ढग असायचा, जवळ आल्यावर ट्रॅक्टर व्हायचा. रस्त्याकडेच्या दगडांवरचे आकडे दिसत नव्हते, पण ते वाचायची मला गरज काय होती? रस्ता मला पाठ होता. मी गुंगीत असल्यासारखा, गाणं गुणगुणत गाडी हाकायचो.

त्याआधी दोन महिने सेनगावच्या डॉक्टर मॅडमनी बीपीची गोळी सुरू केली होती. हिनं लघवी जास्त होईल, सकाळीच घेत जा, असं त्यांनी बजावलं होतं. झालंही तसंच. तहान वाढली, लघवी वाढली. सारखी गाडी कडेला घ्यायची आणि बाभळीच्या आडोशाला जायचं, हा माझा धंदाच होऊन बसला. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, ड्रायव्हर एकेका बाभळीला पाणी घालून राहिला, पुढच्या साली सावली दाट पडंल. मीही हसायचो. खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची, पायजम्याची नाडी रोज थोडी जास्त आवळावी लागायची. सगळं खापर मी गोळीवर फोडून मोकळा झालो.

मग मी माझी अक्कल चालवली. आमच्या स्टँडवर गाड्यांचे नंबर लागतात. ज्याचा नंबर त्यानं आज सीट भरायच्या, बाकीच्यांनी घरी बसायचं. मी ठरवलं, नंबर असेल त्या दिवशी गोळी बंद, नसेल त्या दिवशी चालू. बीपीनं माझ्या नंबराप्रमाणं वागावं अशी माझी अपेक्षा होती. घरात कुणाला सांगितलं नाही. स्वतःवर जाम खूश होतो.

त्यातच एक दुपार आली, ती अजून आठवते. पाण्याचा पाच लिटरचा कॅन मी घरीच विसरलो होतो. हा कॅन पॅसेंजरसाठी म्हणून बायको रोज सकाळी भरून दारात ठेवते. तो नसल्यानं माझी जीभ टाळूला चिकटली होती. आमच्या गावच्या फाट्याजवळ आलो तर तुरीच्या कडेला एक पिवळी साडी उभी होती. चेहरा दिसत नव्हता. फुलं कुठं संपतात आणि साडी कुठं सुरू होते तेही कळत नव्हतं. तिनं हात वर केला. गाडी खच्चून भरलेली होती, म्हणून मी तिच्याकडे बघून हसलो आणि पुढं निघालो. किती छान दिसतंय हे सगळं, असं मनात म्हणत राहिलो.

आठ दिवसांनी बायकोनं माझ्यासमोर दोन वस्तू आणून ठेवल्या, गोळ्यांचं पाकीट आणि रिकामा कॅन. पाकिटात इतक्या गोळ्या कशा उरल्या, तिनं विचारलं. मी नंबराची युक्ती सांगितली. ती चिडेल असं वाटलं होतं. ती कॅनकडे बघत राहिली.

"गोळी खाल्ली न्हाई त्या दिशीबी कॅन रिकामाच येऊन राहिला," ती म्हणाली. "थंडीचं पॅसेंजर पाणी मागत न्हाई. मंग ही तहान गोळीची कशी?"

दुसऱ्या दिवशी, माझा नंबर असूनसुद्धा, तिनं मला सेनगावला नेलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. मनानं गोळी बंद केली म्हणून आधी चांगलं खडसावलं, बीपी मोजलं तर ते चढलेलंच होतं. मग म्हणाल्या की गोळीनं लघवी होते हे खरं, उठताना अंधारी येते तीही गोळीची असू शकते. पण गोळी न घेता तहान तशीच आणि वजन उतरतंय, हे वेगळं आहे, शुगर बघावी लागेल. नुसत्या अंदाजानं यातलं काही ठरत नाही. डोळ्यांना धूसर दिसतं का, असं त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. हो म्हटलं असतं तर गाडी गेली असती, हे मला कळत होतं.

बायको खाली मान घालून बसली होती. तशीच बोलली, "मॅडम, मी फाट्यावर उभी व्हते. ह्यांचा कॅन घरी राह्यला व्हता, तो घेऊन मी गेले व्हते. हात केला. ह्यांनी माझ्याकडं पाह्यलं, हसले, अन् निघून गेले. मला वाटलं, रागात हायेत."

मला त्या खुर्चीत बसवेना. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. जिच्यासोबत संसार केला ती मला रंगाचा एक ठिपका दिसली होती. आणि तसाच मी रोज गाडीभर माणसं, शाळेची लेकरं घेऊन पळत होतो. माझं जग सुंदर झालेलं नव्हतं, मला दिसेनासं झालं होतं.

रक्त तपासलं, शुगर निघाली. लवकर सापडली, असं मॅडम म्हणाल्या. त्यांनी बीपीची गोळी बदलून दिली, शुगरची वेगळी दिली आणि नजर ठरेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नका म्हणाल्या. त्याच दिवशी चाव्या धाकट्या भावाकडे दिल्या. काही आठवडे मी माझ्याच गाडीत पॅसेंजर होतो. हळूहळू शेतांना कडा आल्या, दगडांवर आकडे आले. ते पिवळं धुकं गेलं. खोटं कशाला बोलू, थोडी चुटपुट लागली.

डोळे तपासून मॅडमनी परवानगी दिली, तेव्हा पहिली खेप मीच घेतली. तूर कापून झाली होती, रानं मोकळी पडली होती. फाट्यावर पिवळी साडी उभी होती. लांबूनच मला तिचा चेहरा दिसला. डोळ्यांखाली काळं आलेलं आणि एक हात पदराशी चाळा करणारा. ती थेट माझ्याकडे बघत होती, पण या वेळी तिनं हात केला नाही.

मी गाडी थांबवली.