रिलीफ म्हणजे बदली

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. लालबागच्या आमच्या चाळीत कोणी काही फुकट देऊ लागला की लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघत. त्यात कॉलेजात जाणारा मी घरातला पहिलाच. प्राध्यापकांनी गिरगावातल्या एका व्याख्यानाचा पास दिला, विषय 'कचेऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रे'. शेवटी चहापान.

गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहणारे वडील म्हणाले, "तुका कित्याक बोलावल्यानी? वर चाय-बिस्कुट? ह्यात कायतरी काळा असा."

दादा मात्र म्हणाला, "जा तू. पगाराचे हिशेब ते यंत्र करतं का, तेवढं ऐकून ये."

दादा गिरणीच्या पगारखात्यात बदली कारकून होता. कायम कारकून रजेवर गेला किंवा आजारी पडला, तरच त्या दिवशी काम. नाहीतर गेटवरून परत. दिवाळीनंतर कायम करू, असं त्याला सांगितलं होतं. आणि आता यंत्र येणार, अशी कुजबुज गिरणीत सुरू झाली होती.

सभागृहात मी मागच्या खुर्चीवर बसलो. टाय लावलेले वक्ते भोकं पाडलेली कार्डं दाखवत इंग्रजीत बोलत होते. मध्येच कोणीतरी ओरडलं, "मराठीत सांगा की!" ते हसून म्हणाले, यंत्राला कुठलीच भाषा कळत नाही, फक्त भोकं कळतात. सगळे हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

शेवटी धीर करून उभा राहिलो. इंग्रजी वाक्य मनात तीनदा घोळवलं होतं, तरी अडखळलोच. हे यंत्र पगाराचे हिशेब करील का, आणि मग कारकुनांचं काय?

"करील की!" ते गोड आवाजात म्हणाले. "पण घाबरू नका. यंत्र म्हणजे कारकुनाला रिलीफ."

रिलीफ हा शब्द मला ठाऊक होता. दादाच्या खात्यातले साहेब त्याला 'रिलीफ क्लार्क' म्हणत. चहा न घेताच मी निघालो.

घरी सांगितलं, "हिशेब करतं. पण ते बदली म्हणून येणार आहे."

वडील हसले नाहीत. "बदलीवालो कायम होवकच येता रे," एवढंच म्हणाले.

दादा म्हणाला, "म्हणजे माझ्याच रांगेत."

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "अरे वेड्या, रिलीफ म्हणजे आराम! कामाचा भार हलका होणं." मी जवळजवळ धावतच घरी आलो आणि दादाला खरा अर्थ सांगितला.

"आराम?" तो म्हणाला. "गेटवरून परत पाठवतात, तेव्हा मुकादम हेच म्हणतो. जा, घरी आराम कर."

सकाळी डबा उचलून तो नेहमीप्रमाणे गेटवर निघाला. जिन्यात थांबून त्याने विचारलं, "काय रे, ते यंत्र आजारी पडतं का?"

ते मी विचारलंच नव्हतं.