पासपोर्टचं प्रस्थान

सासूबाईंना जर्मनीला पाठवायचं ठरलं तेव्हा त्यांना इंग्रजीतले तीनच शब्द पक्के येत होते: चेक-इन, चेक-आउट आणि एक्स्ट्रा बेड. दिवेआगरला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे आणि वाडीतच चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात, त्यामुळे हे शब्द. बाकी इंग्रजीवाचून त्यांचं सत्तर वर्षांत काही अडलं नव्हतं.

जर्मनीत माझी नणंद असते, त्यांची एकच मुलगी. एकोणचाळिसाव्या वर्षी तिला दिवस गेले होते. त्याआधी दोन वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं, आणि दोन्ही वेळा सासूबाई इथे फोन कानाला लावून नुसत्या बसून राहिल्या होत्या. ह्या खेपेला आठवा महिना लागला आणि ती म्हणाली, "आई, तू ये. फोनवर नको." सासूबाईंनी मला हाक मारली आणि विचारलं, "काय काय लागतं ते बघ."

आमच्या घरात ज्या गोष्टीला फॉर्म असतो ती माझ्याकडे येते. मी जात्याच तापट, पण कागदांशी माझं पटतं. पाहुण्यांची जेवणं आटोपली की दुपारी ओटीवर सासूबाई सुपारी सोलायला बसायच्या आणि मी वही घेऊन समोर. मी आधी स्वतः वाचून समजून घ्यायचे, मग त्यांना सांगायचे. शिकवण्याचा आव आणायचे म्हणा ना.

"पासपोर्ट आपला देश देतो. ही बाई आमची आहे, असं तो जगाला सांगतो. व्हिसा समोरचा देश देतो. या म्हणतो."

"मग झालं तर."

"नाही झालं. व्हिसा असला तरी तिकडच्या विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी विचारणार, का आलात, किती दिवस राहणार. त्याला पटलं तर शिक्का. नाही पटलं तर तो परत पाठवू शकतो."

त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "म्हणजे आमंत्रण येऊनसुद्धा दारात थांबायचं."

"थांबायचं."

"बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "आपण नाही का बुकिंग असलं तरी आधार कार्ड बघत." त्यांना माझ्याआधी कळायचं, हे मला तेव्हा जरा टोचायचं.

सगळ्यात जास्त वेळ तारखांना लागला. व्हिसावर मुदतीच्या दोन तारखा असतात, पहिली आणि शेवटची. त्याखाली राहण्याचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. मुदत चार महिन्यांची असली आणि दिवस नव्वद असले तर नव्वदच राहायचं. आणि मुदत संपत आली असताना पोचलं तर तेवढेही मिळत नाहीत. जास्त राहिलं तर ओव्हरस्टे, म्हणजे पुढच्या वेळी दार बंद होऊ शकतं. सिंगल एंट्री म्हणजे एकदा बाहेर पडलं की संपलं. आणि ट्रान्झिट, हा मला स्वतःलाच चक्रावून टाकणारा शब्द. मधल्या विमानतळावर चार तास बसायचं, तिथलं पाणी प्यायचं, तिथली बाथरूम वापरायची, पण त्या देशात आपण गेलेलोच नसतो. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ वहीकडे बघत बसले होते. माणसाचे पाय जमिनीवर असतात आणि कागद म्हणतो, नाहीत. कागदाचंच खरं.

"म्हणजे माणूस कुठे आहे हे पासपोर्टवरून ठरतं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. कायद्याच्या लेखी तुम्ही म्हणजे तुमचा पासपोर्ट. तो निघाला तर तुम्ही निघालात."

हे वाक्य मी मोठ्या दिमाखात बोलले होते. पुढे ते मला चांगलंच भोवलं.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो तर यंत्राला सासूबाईंचे ठसेच उमटेनात. जन्मभर सुपारी सोलून बोटं गुळगुळीत झालेली. काउंटरवरच्या मुलीने ओल्या कागदाने बोटं पुसली, दाबून बघितली, पुन्हा पुसली. चौथ्या खेपेला पडद्यावर रेघा दिसल्या. सासूबाई वाकून त्या रेघांकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आहेत की अजून."

व्हिसा झाला. कुरियरने आलेला पासपोर्ट उघडून त्यांनी ते पान देवापुढे ठेवलं आणि मी त्यावरची पहिली तारीख वाचली. मंगळवार. त्याच दिवसाचं संध्याकाळचं तिकीट काढलं, कारण डॉक्टरांनी नणंदेला सांगितलं होतं की वाट बघणार नाही, गरज पडली तर आधीच बाळ काढू. तिकीट झाल्यावर सासूबाईंनी पंचांग उघडलं. मंगळवारी अमावास्या होती.

मी मनाची तयारी केली की आता वाद होणार. झाला नाही. "शुक्रवार चांगला आहे," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी मी प्रस्थान ठेवते."

आमच्याकडे ही जुनी रीत. चांगल्या दिवशी निघता येत नसेल तर त्या दिवशी प्रवासात लागणारी एखादी वस्तू, हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ, असं फडक्यात बांधून वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी ठेवायचं. मग माणूस त्या दिवशीच निघालेला असतो. खरा निघेल तेव्हा ती पुरचुंडी उचलून पुढे जायचं. एकच अट, ठेवलेलं प्रस्थान मागे घरी आणायचं नाही. मी हसले. त्यांनी माझ्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या त्या दिवशीही ह्या बाईंनी दुपारी वेळेवर जेवायला वाढलं होतं. माझं हसणं ते काय.

शुक्रवारी माझ्या नवऱ्याने त्यांना स्कूटरवरून बोर्लीला नेलं, खालांकडे, म्हणजे तिथल्या मुसलमान मोहल्ल्यातल्या मावशींकडे. आमची सुपारी दोन पिढ्या खालांच्या सासऱ्यांकडे जायची, तेव्हापासूनचा हा घरोबा. खालांचा नवरा हयातभर कुवेतला होता; तो आता नाही. मुलगेही तिकडेच. घरात खाला एकट्या. मुंबईचा रस्ता त्यांच्या दारावरूनच जातो.

मंगळवारी सकाळी आठला सामान गाडीत भरलं. शेवटचं एकदा बघावं म्हणून मी फाइल उघडली. तिकीट होतं, विमा होता, नणंदेचं आमंत्रणपत्र होतं. पासपोर्ट नव्हता. गुरुवारी मीच तो फाइलमध्ये लावून कपाट बंद केलं होतं आणि चावी सासूबाईंकडे दिली होती.

"आई, पासपोर्ट?"

"प्रस्थानात," त्या म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या. "तूच सांगितलंस ना, तो निघाला तर मी निघाले. मग हळकुंड ठेवून काय उपयोग?"

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढा जिवाचा आटापिटा करून मिळवलेली वस्तू चार दिवस दुसऱ्या गावात, फडक्यात. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वाटेतच तर आहे. घेऊ आणि पुढे जाऊ."

बोर्लीला पोचलो तर खालांच्या दाराला कुलूप. मी फोन लावला. फोन वाजला, आत, बंद घरात. आम्ही तिघं पायरीवर उभे राहून तो वाजणं ऐकत होतो. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला, आणि माझा राग तिथल्या तिथे गेला. मला फक्त नणंदेचा आवाज आठवत होता, फोनवर नको म्हणणारा.

शेजारची बाई कुंपणाशी आली. "दिवेआगरच्या ना तुम्ही? त्यांची भैन शिरियस हाय, माणगावला इस्पितळात. पहाटेच गेल्या. बोलल्या, गाडी येईल, त्यांना सांग, मी स्टँडजवळ हायवेला उभी राहते."

"आणि पुरचुंडी?"

"ते मला काय म्हाईत न्हाय."

बोर्ली ते माणगाव दीड तास. नवरा गाडी चालवत होता, मागे सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी मनात हिशेब करत होते की पुरचुंडी घरातच राहिली असेल तर चावी घेऊन मागे फिरायला किती वेळ, आणि दर वेळी विमान निघून जात होतं. म्हसळ्याच्या घाटात सासूबाई एकदाच बोलल्या. "माझं चुकलं गं. लेकीला सांगू नकोस." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं.

माणगावला हायवेच्या कडेला, रसवंतीच्या सावलीत, खाला उभ्या होत्या. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली आणि दोन्ही हातांत, छातीशी धरलेली, लाल फडक्यातली पुरचुंडी.

सासूबाई गाडी पुरती थांबायच्या आत उतरल्या.

"घरी ठेवून कशी येऊ, वहिनी," खाला म्हणाल्या. "शेजारी दिली असती, पण असली चीज दुसऱ्याच्या हाती देवू नये. आणि तुम्ही बोलला व्हतात, मागं न्यायचं नसतं. म्हणून दिवेआगरला न्हाय आणली. पुढं आणली."

बहीण इस्पितळात, पहाटेची धावपळ, मोबाइल चार्जिंगला तसाच राहिलेला, आणि ह्या बाईच्या लक्षात दुसऱ्याच्या धर्मातली रीत राहिली होती. तीसुद्धा अटीसकट.

"आत पासपोर्ट आहे हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पायजे? हातात घेतल्यावर कळला." त्या हसल्या. "आमचे हे सुटीवर यायचे तवा पासपोर्ट माझ्या उशाखाली असायचा. चाळीस दिवस. रोज रात्री हात लावून बघायची. त्यो जाग्यावर हाय म्हणजे हे पण हायत."

मग सासूबाईंना म्हणाल्या, "माझी तिन्ही पोरं झाली तवा हे तिकडं. पासपोर्ट कफीलकडं. त्यानं दिला तर यायचं, न्हाय तर न्हाय." कफील म्हणजे तिकडचा मालक, ज्याच्या नावावर माणसाचा परवाना असतो. माझ्या वहीत तो शब्द 'स्पॉन्सर' म्हणून एका ओळीत लिहिलेला होता. त्या एका ओळीत ह्या बाईची तीन बाळंतपणं होती, हे मला कुठल्या वेबसाइटवर सापडणार होतं? माझा सगळा शहाणपणा त्या रसवंतीसमोर गळून पडला.

सासूबाईंनी गाठ सोडली. तांदूळ सांडले. खालांनी हात पुढे केला. "बघू एकदा."

त्यांनी फोटोचं पान उघडलं आणि तसंच धरून राहिल्या. ट्रक जात होते, पान फडफडत होतं, त्या अंगठ्याने ते दाबून धरत होत्या. "बाईमाणसाचा पासपोर्ट मी पयल्यांदा हातात घेते," त्या म्हणाल्या, आणि बंद करून सासूबाईंच्या हातात दिला. "जावा आता. लेक वाट बघते."

विमानतळाच्या दारात आम्हाला थांबवलं. तिकीट असलेल्यालाच आत सोडतात. सासूबाई विमान कंपनीने दिलेल्या व्हीलचेअरवर, मांडीवर फाइल, एकदाही मागे न बघता काचेपलीकडे गेल्या. एवढी उंच काच, एवढी माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात एक छोटं पुस्तक. मी आयुष्यात देवळातसुद्धा इतकी दबून उभी राहिले नव्हते.

तासाभराने फोन आला. "शिक्का मारला," त्या म्हणाल्या. "शिक्का मारणाऱ्या मुलाला विचारलं, आता मी कुठे? तो म्हणाला, आजी, तुम्ही निघालात. बसलेय मुंबईत, खुर्चीवर, समोर समोसे दिसतायत. पण निघालेय." मग म्हणाल्या, "सरकारसुद्धा प्रस्थान ठेवतं गं."

त्या पोचल्यावर नवव्या दिवशी बाळ झालं. मुलगी. अडीच किलोची, आईसकट सुखरूप. नणंदेने व्हिडिओ लावला तेव्हा सासूबाईंचं ते गुळगुळीत बोट बाळाने मुठीत धरलेलं होतं, आणि मी ओटीवर बसून हमसून रडले. नवरा म्हणाला, पाहुणे ऐकतील. ऐकू देत, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन बोर्लीला गेले. खालांची बहीण बरी होऊन घरी आली होती. मी फोटो दाखवला. खालांनी मोबाइल लांब धरून, मग जवळ धरून बघितला.

"हिचा पासपोर्ट निघाला?"

"अजून नाही. कालच तर जन्मलीय, खाला."

"निघाला की लेकीला सांग, हिच्याच कपाटात ठेव. दुसऱ्याच्या उशाखाली नको."

मी हो म्हटलं. चहा झाला. मी उठले, तशा त्या दारापर्यंत आल्या आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"ह्या वयात माझा निघंल का गं?"

पिशवीत माझी वही होतीच. मी परत आत जाऊन बसले, कोरं पान काढलं आणि त्यांची जन्मतारीख विचारली.